गिळताना घशातून कानात सणक: दाढ, टॉन्सिल की नववी नस?

आवंढा
चेहऱ्यातली विजेसारखी कळ म्हटलं की ट्रायजेमिनल न्यूराल्जिया (न्यूराल्जिया म्हणजे नसेतून उठणारी कळ) हे नाव आता बऱ्याच जणांच्या तोंडी येतं. त्याच कुळातला दुसरा आजार मात्र फारसा कुणाला माहीत नसतो: ग्लॉसोफॅरिंजियल न्यूराल्जिया. मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्यांपैकी पाचवी बिघडली तर पहिला, नववी बिघडली तर दुसरा.

नववी नस जिभेचा मागचा तिसरा हिस्सा, टॉन्सिल, घशाची मागची भिंत आणि मधला कान इथल्या संवेदना नेते. कळही तिथेच येते. जिभेच्या मुळाशी किंवा टॉन्सिलच्या खळग्यात उठते आणि कानात खोल शिरते, नाहीतर जबड्याच्या कोपऱ्याखाली जाते. एका वेळी एकाच बाजूला. क्षणभर, फार तर दोन मिनिटं. निमित्त असतं गिळणं, बोलणं, खोकणं, जांभई.

आजार दुर्मिळ आहे, वर्षाला लाखामागे एकाहूनही कमी नवे रुग्ण. म्हणूनच तो चुकतो. दाढ काढली जाते, कानात थेंब पडतात, टॉन्सिलसाठी अँटिबायोटिकचे दोन कोर्स होतात आणि कळ जागच्या जागी.

माझं म्हणणं असं, की "दहापैकी किती दुखतं?" हा प्रश्न इथे जवळजवळ निरुपयोगी आहे. कामाचे प्रश्न दोनच. कळ कशाने सुरू होते, आणि एकच बोट ठेवायचं तर कुठे ठेवाल? जाणकारांनी भर घालावी किंवा खोडून काढावं.

कर्णपिशाच्च
पटतं, पण तिसरा प्रश्न घातल्याशिवाय यादी पुरी होत नाही: दोन कळांच्या मधल्या वेळात काय असतं?

नसेची कळ असेल तर मधला वेळ बहुतेक कोरा असतो. फार तर हलकी टोचणी. याउलट घसा एका बाजूला सतत दुखतोय, दर आठवड्याला थोडा वाढतोय, त्याच बाजूचा कान दुखतोय आणि कानात बघितलं तर पडदा अगदी स्वच्छ, असं चित्र असेल तर न्यूराल्जियाचं नाव काढायच्या आधी कॅन्सर नाही ना हे बघायचं. आपल्याकडे तंबाखू, गुटखा, मिश्री यांचं प्रमाण बघता हे जास्तच महत्त्वाचं. टॉन्सिल, जिभेचं मूळ आणि स्वरयंत्राच्या बाजूचा खळगा या तीन जागा. तिथली गाठही नवव्या आणि दहाव्या नसेच्या वाटेनेच कानात दुखते, म्हणून घोळ होतो.

नुसता टॉर्च मारून "घसा थोडा लाल आहे" म्हणणं म्हणजे तपासणी नव्हे. नाकातून दुर्बीण घालून स्वरयंत्रापर्यंत बघायचं, जिभेचं मूळ आणि टॉन्सिल हातमोजा घालून बोटाने चाचपायचं (आत दडलेली गाठ डोळ्याला दिसत नाही, बोटाला कडक लागते) आणि मानेत गाठी आहेत का पाहायचं. तीन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलेलं एका बाजूचं घशाचं दुखणं, आवाज बसणं, थुंकीत रक्त, वजन उतरणं, यातलं काहीही असेल तर हे सगळं आधी. स्वरयंत्राचा क्षयसुद्धा गिळताना कानात कळ देतो, तोही यादीत ठेवा.

खडीसाखर
धागा वाचता वाचता आवंढा गिळला आणि कान चाचपला. काही झालं नाही. बरं वाटलं.

आवंढा
मला विचारल्याशिवाय गिळल्याबद्दल निषेध.

अक्कलदाढ
दाताच्या बाजूने लिहिते, कारण या रुग्णांची पहिली वारी बहुधा आमच्याकडेच असते.

खालच्या अक्कलदाढेचं दुखणं आणि नवव्या नसेचं दुखणं बोट ठेवायला जवळजवळ एकाच जागी येतं. फरक असा काढायचा:

दात किडून नस सुजली असेल तर थंड लागल्यावर कळ येते आणि थंड काढून घेतल्यावरही अर्धा-एक मिनिट रेंगाळते, रात्री आडवं झालं की ठणका वाढतो. अक्कलदाढेवरची हिरडी सुजली असेल तर तिथे दाबलं की दुखतं, तोंड पूर्ण उघडत नाही, घाण वास येतो. खरा फसवणारा प्रकार म्हणजे तडकलेली दाढ. तिची कळही क्षणाची आणि धारदार असते. पण ती चावताना, आणि जास्त करून चावलेलं सोडताना येते. दाढेच्या एकेका टोकावर लाकडी काडी किंवा रबरी चकती ठेवून चावायला लावलं की नेमकं टोक सापडतं. नुसती लाळ गिळताना तडकलेली दाढ कळ देत नाही.

म्हणून माझी साधी चाचणी: दात एकमेकांना न लावता पाण्याचा एक घोट गिळायला सांगायचा. त्यावर कळ आली तर दाताला हात लावू नये. शंका उरली तर खालच्या जबड्याला बधिर करणारं इंजेक्शन द्यावं. ओठ आणि हिरडी पूर्ण बधिर आहे आणि तरी गिळताना कळ येतेच, तर ती त्या दातांची नाही.

"डॉक्टर, काढूनच टाका ती दाढ" असा आग्रह रुग्ण धरतो तेव्हा नाही म्हणणं जड जातं, हे खरं. पण एक्स-रे साफ, ठोकून दुखत नाही, थंडाची चाचणी नेहमीसारखी, तर काढायचं काय? आणि एक काढून थांबत नाही, मग शेजारची.

सुषुम्ना
अक्कलदाढताई, इंजेक्शनच्या चाचणीला एक पुरवणी. ट्रायजेमिनलची खालची फांदी दुखत असेल तर तुमच्या इंजेक्शनने ती कळ तेवढ्यापुरती थांबू शकते, आणि मग "थांबली म्हणजे दातच" असा उलटा निष्कर्ष निघतो. थांबली नाही तर दात सुटला हे खरं. थांबली तर मात्र काहीच सिद्ध होत नाही.

आता पाचवी आणि नववी यांतला फरक, कारण रुग्ण दोन्हींचं वर्णन "करंट बसतो" असंच करतात.

पाचवीची कळ गाल, ओठ, हिरड्या, नाकाची बाजू, हनुवटी इथे. ती स्पर्शाने उठते: तोंड धुणं, दात घासणं, दाढी, गार वारा, हेल्मेटचा पट्टा. असा रुग्ण दुखणारी जागा दाखवताना बोट गालापासून दोन इंच लांब धरतो, टेकवत नाही. नववीचा रुग्ण जबड्याच्या कोपऱ्याखाली खुशाल बोट रुतवतो, नाहीतर कानाकडे बोट दाखवतो, कारण त्याची कळ उठवणारी जागा आत आहे, टॉन्सिलपाशी. गाल चोळून त्याला काही होत नाही, गार पाणी गिळलं की होतं. चावणं आणि बोलणं दोन्हींत कळ उठवतं, म्हणून "जेवताना दुखतं" एवढ्यावर थांबू नका. घास चावताना की घास खाली उतरताना, हे विचारा.

काही रुग्णांत दोन्ही नसा एकत्र दुखतात. तिथे वरची सगळी शिस्त कोलमडते, हेही सांगून ठेवते.

इतर जवळचे नातलग:

कानाच्या भोकात खोल कळ, गिळण्याशी संबंध नाही, आणि कानाच्या नळीच्या मागच्या भिंतीला स्पर्श झाला की उठते: ती सातव्या नसेच्या बारीक फांदीची. कंठमण्याच्या बाजूला वरच्या अंगाला बोट लावल्यावर कळ येते: ती दहाव्या नसेच्या स्वरयंत्राकडे जाणाऱ्या फांदीची. जबड्याच्या सांध्याचं दुखणं बोथट असतं, तासन्‌तास टिकतं, जांभईला वाढतं पण विजेसारखं नसतं, आणि सांध्यावर दाबलं की दुखतं. डोळ्याभोवती भयंकर दुखून डोळ्यातून पाणी, नाक चोंदणं आणि प्रत्येक झटका १५ मिनिटं ते ३ तास: ती क्लस्टर डोकेदुखी, तिचा या धाग्याशी संबंध नाही.

दोन गोष्टी मात्र थांबायच्या नाहीत. पन्नाशीपुढच्या माणसाचा जबडा घास चावता चावता भरून येतो, केस विंचरताना कानशील दुखतं, नजर मध्येच अंधारते: कानशिलाच्या धमनीची सूज असू शकते. ईएसआर आणि सीआरपी या सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या त्याच दिवशी, नाहीतर डोळा जाऊ शकतो. आणि जिना चढताना घसा-जबडा आवळून येतो व थांबल्यावर ओसरतो: ईसीजी काढा, न्यूराल्जिया विसरा.

पुणेरी पाटी
प्रतिसाद उत्तम. वाचनखूण साठवली. आता घरच्यांनी "जांभई देताना दुखतंय" म्हटलं तर "तास-दोन तास की सेकंद-दोन सेकंद?" असं विचारून त्यांना आणखी चिडवता येईल.

काढेवाला
आयुर्वेदात हे नवीन नाही. सुश्रुताच्या उत्तरतंत्रात अकरा शिरोरोग आहेत, त्यांतला अनंतवात म्हणजे हाच. नस्य करावं, लवंग-तेल चोळावं. कार्बामॅझेपिनच्या, म्हणजे नसेच्या कळेवर डॉक्टर देतात त्या गोळीच्या, मागे धावायची गरज नाही.

सुषुम्ना
अनंतवाताचं वर्णन मान, डोळा, भुवई, कानशील, गाल, हनुवटी असं आहे. त्याची तुलना बहुतेक वेळा ट्रायजेमिनलशी केली जाते, आणि ती तुलना आहे, ओळख नव्हे. गिळताना टॉन्सिलपासून कानात जाणारी कळ त्यात मला तरी दिसत नाही.

नस्याबद्दल एक व्यवहारी अडचण: नाकात घातलेलं तेल मागे घशात उतरतं आणि माणूस ते गिळतो किंवा खाकरतो. ज्याची कळ गिळण्या-खाकरण्यानेच उठते त्याला हे काय सुचवतोय, याचा विचार व्हावा. लवंगतेल दाताच्या भोकाला ठीक, घशाच्या आत लावलं तर चट्टे पडतात.

काढेवाला
गाल-हनुवटीचा मुद्दा मान्य. नस्याचा आग्रह सोडला. लवंग-तेल गालाला बाहेरून म्हणत होतो.

सनावळी
इतिहासाची छोटी भर. १९१० मध्ये फिलाडेल्फियाच्या थिओडोर वायझेनबर्ग यांनी या कळेचं वर्णन केलं. तो रुग्ण ट्रायजेमिनलचा समजला गेला होता, प्रत्यक्षात मेंदूच्या तळाशी गाठ निघाली. आजचं नाव लंडनच्या विल्फ्रेड हॅरिस यांनी १९२१ मध्ये दिलं. म्हणजे वैद्यकात आला तोच मुळी चुकलेल्या निदानातून.

बेशुद्धीचे पंडित
अजून कुणी चक्कर-बेशुद्धीबद्दल लिहिलं नाही, ते या आजारातलं सर्वांत धोक्याचं लक्षण आहे.

नवव्या नसेची एक फांदी मानेतल्या मोठ्या धमनीच्या फुगवट्यातून रक्तदाबाची खबर मेंदूला देते. कळेचा भडिमार सुरू झाला की मेंदूच्या देठातलं तेच केंद्र खवळतं आणि दहाव्या नसेमार्फत हृदयाला "हळू" असा हुकूम सुटतो. ठोके ४०-३० वर येतात, क्वचित काही सेकंद थांबतात. माणूस घास गिळता गिळता पांढरा पडतो आणि कोसळतो, कधी हातपाय झटकतो. मग त्याला फिट आली समजून अपस्माराच्या तपासण्या सुरू होतात. शंभरात दोनेक रुग्णांतच हे होतं, पण होतं तेव्हा जिवावर बेतू शकतं.

ओळखायचं कसं? क्रम विचारायचा. आधी घशात कळ आणि मग भोवळ, की आधी भोवळ? जवळच्या माणसाला मनगटावर नाडी धरायला शिकवायचं आणि मोबाइलवर झटक्याचं चित्रण करायला सांगायचं. २४ ते ४८ तासांचा होल्टर (अंगावर बांधून हृदयाचे ठोके सतत नोंदवणारं यंत्र) लावायचा आणि त्या काळात नेहमीसारखं जेवायला लावायचं. उपाशी माणसाचा होल्टर छान येतो आणि काहीच सांगत नाही.

असा त्रास असेल त्याने निदान होईपर्यंत बसूनच खावं-प्यावं, एकट्याने जेवू नये, गाडी चालवू नये. कोसळला तर कुशीवर वळवायचं, तोंडातला दिसणारा घास काढायचा, शुद्धीवर येईपर्यंत पाणी पाजायचं नाही. कांदा, चप्पल वगैरे लांब ठेवा.

गोळीवाला
पंडितांच्या प्रतिसादाला लागूनच: याच कारणासाठी कार्बामॅझेपिन सुरू करण्याआधी ईसीजी हवा. हृदयातल्या विद्युतवहनात अडथळा असेल तर हे औषध देत नाहीत. घसा दुखतो म्हणून गोळी दिली आणि हृदयाचा ब्लॉक वाढला, असं व्हायला नको.

बाकी गोळीचा तपशील. साधारण सुरुवात १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. दर काही दिवसांनी १०० ते २०० ने वाढ. बऱ्याच जणांना दिवसाला ४०० ते ८०० पुरतं, कमाल १२००. म्हाताऱ्यांत याहून हळू. हे आकडे माहितीसाठी आहेत, चिठ्ठी म्हणून नाहीत.

काउंटरवर नेहमी होणारे घोळ:

पहिला, "कळ आली की गोळी". ही पॅरासिटामॉल नव्हे. गोळी पोटात गेल्यावर रक्तातलं प्रमाण शिगेला पोचायला काही तास लागतात, कळ तोवर संपलेली असते. ठरलेल्या वेळीच घ्यायची. एकदम बंदही करायची नाही.

दुसरा, "पहिले पंधरा दिवस छान गेलं, आता कंपनी बदलली की काय?" यकृत हे औषध जाळायला हळूहळू सरावतं. तीन ते पाच आठवड्यांत तोच डोस रक्तात कमी भरायला लागतो. औषध नकली नाही, डोस पुन्हा बसवावा लागतो.

तिसरा खास या आजाराचा. गिळायला त्रास म्हणून लोक गोळी कुटून घेतात. नावापुढे एसआर किंवा सीआर (औषध हळूहळू सोडणारी गोळी) असेल तर ती कुटायची नाही, दिवसभराचा डोस एकदम सुटतो आणि माणूस झोकांड्या खातो. सिरप मिळतं, ५ मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम. बाटली जोरात हलवून घ्यायची, नाहीतर वर पाणी आणि तळाला औषध. सिरप रक्तात लवकर चढतं म्हणून तोच दिवसाचा डोस जास्त वेळा विभागून देतात.

चौथा कोकण, गोवा, मुंबईकरांसाठी. या गोळीला दमट हवा मानवत नाही. ओल लागून ती टणक होते, पोटात नीट विरघळत नाही आणि तिचा जवळजवळ एकतृतीयांश परिणाम जाऊ शकतो. पावसाळ्यात पट्टीतून काढून डबीत भरून ठेवू नका, बाथरूमच्या कपाटात तर नाहीच.

खडीसाखर
म्हणजे आमच्याकडे जुलैत मीठ आणि गोळी दोघंही एकाच कारणाने रुसतात.

सुषुम्ना
गोळीवाल्यांना पूर्ण अनुमोदन. त्यात दुष्परिणामांची भर.

अंगावर पुरळ, त्यातही ताप, डोळे लाल, तोंडात फोड असे एकत्र आले तर गोळी थांबवून त्याच दिवशी रुग्णालय. हा धोका पहिल्या दोन-तीन महिन्यांत जास्त असतो. एचएलए-बी १५०२ हा जनुक असलेल्यांत तो खूप वाढतो. आग्नेय आशियात या जनुकाचं प्रमाण मोठं आहे, भारतीयांत त्याहून कमी, पण नाहीच असं नाही. रक्ताची तपासणी मोठ्या प्रयोगशाळांत होते, सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारावं.

दुसरं, रक्तातलं सोडियम घटणं. मळमळ, गुंगी, असंबद्ध बोलणं सुरू झालं तर "वयानुसार" म्हणून सोडू नका. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असलेल्या ज्येष्ठांत सोडियम पटकन उतरतं. ऑक्सकार्बाझेपिन या तिच्या बहिणीसारख्या गोळीमध्ये हे आणखी जास्त, जरी ती बाकी सोसायला सोपी असली तरी. वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारी गोळी) आणि गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कार्बामॅझेपिनमुळे घटतो, हे चिठ्ठी देणाऱ्याला आवर्जून सांगावं.

पुणेरी पाटी
एक भाबडा प्रश्न. कार्बामॅझेपिनने कळ थांबली की निदान पक्कं, असंच ना? मग एमआरआयचा खर्च कशाला?

सुषुम्ना
नाही. गोळी लागू पडली तर निदानाला बळ मिळतं, एवढंच. गाठीमुळे नस दबली असेल तरी गोळीने काही काळ कळ थांबते, आणि हाच सापळा आहे. एमआरआय कळ मोजायला नसतो, कारण शोधायला असतो: मेंदूच्या तळाची गाठ, मल्टिपल स्क्लेरोसिसचे (नसांवरचं आवरण झिजवणाऱ्या आजाराचे) डाग, नसेवर टेकलेली धमनी. वय चाळिशीच्या आत, दोन्ही बाजूंना त्रास, बधिरपणा, ऐकू कमी येणं, आवाज घोगरा, पाणी पिताना ठसका, यातलं काही असेल तर गोळी लागू पडली तरी एमआरआय आधी.

कर्णपिशाच्च
आमच्याकडे गोळीच्या आधी आणखी एक चाचणी असते, बधिर करणाऱ्या लिग्नोकेन स्प्रेची. १० टक्क्यांचा स्प्रे त्या बाजूच्या टॉन्सिलवर आणि जिभेच्या मुळाशी मारायचा, दोन-तीन मिनिटं थांबायचं आणि मग तेच करायला लावायचं ज्याने कळ येते, म्हणजे गार पाण्याचा छोटा घोट. कळ आली नाही तर नववी नस. दोन मिनिटांत उत्तर.

बेशुद्धीचे पंडित
"दोन मिनिटांत उत्तर" याला माझा आक्षेप. स्प्रेने टॉन्सिलवरची जखम, व्रण, घशाची सूज सगळंच बधिर होतं. म्हणजे कळ थांबली याचा अर्थ "जागा घशात आहे" एवढाच. शिवाय ज्यांची कळ मुख्यतः कानात आहे त्यांना स्प्रे पोचतच नाही, तिथे चाचणी फुकट जाते आणि निदान खोटं ठरवलं जातं.

कर्णपिशाच्च
व्रण आणि सूज डोळ्यांनी आणि बोटाने वगळल्यावरच स्प्रे, हे गृहीत धरलं होतं, लिहायला हवं होतं. कानवाल्यांचा मुद्दा बिनशर्त मान्य. घरी कुणी करू नये हेही लिहितो: एका दाबाला १० मिलिग्रॅम औषध येतं, घसा बधिर झाल्यावर तासभर खाणंपिणं बंद ठेवावं लागतं, नाहीतर घास श्वासनलिकेत.

आता हाडाबद्दल. कानाखालून एक सुईसारखं हाड खाली येतं, स्टायलॉइड. साधारण अडीच ते तीन सेंटिमीटर. याहून लांब असेल तर ते टॉन्सिलच्या मागे नववीला घासू शकतं. वॉट ईगल यांनी १९३७ मध्ये लक्ष वेधलं म्हणून ईगल सिंड्रोम. तिथे मान वळवल्यावर दुखतं, घशात काटा अडकल्यासारखं सतत वाटतं आणि टॉन्सिलच्या खळग्यात बोटाने दाबलं की कडक टोक लागून नेमकी तीच कळ उठते. सीटी स्कॅनमध्ये लांबी मोजता येते.

अक्कलदाढ
हे हाड आमच्या ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याच्या, एक्स-रेवरही दिसतं. पण कृपया: रिपोर्टमध्ये "लांब स्टायलॉइड" वाचून कुणी शस्त्रक्रियेला पळू नये. लांब हाड असलेल्या बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही. बोटाने दाबून ओळखीची कळ उठली तरच त्या लांबीला अर्थ.

सुषुम्ना
एमआरआयमधल्या धमनीलाही तंतोतंत हेच लागू. नसेला टेकलेली धमनी धडधाकट माणसांतही दिसते. आणि रिपोर्ट कोरा आला म्हणून न्यूराल्जिया नाही, असंही होत नाही.

मऊ भात
गिळण्याच्या थेरपीचं काम करणारी म्हणून लिहिते. निदान होईपर्यंत माणूस जेवणार काय, हा प्रश्न कुणी घेत नाही, आणि या रुग्णांचं वजन आणि पाणी दोन्ही झपाट्याने उतरतं.

फ्रिजचं पाणी, आइस्क्रीम, गार ताक बंद. कोमट सगळ्यांत बरं. आंबट-तिखटाने कळ उठते का हे प्रत्येकाचं वेगळं, वहीत नोंदवून ठरवा. कोरडी भाकरी, पोहे, चुरमुरे यांना एका घासामागे तीन-चारदा गिळावं लागतं, म्हणजे तेवढ्या वेळा कळेला आमंत्रण. त्यापेक्षा तूप घातलेला मऊ भात, खिमट, वरणात कुस्करलेली पोळी, नाचणीची पेज. घास लहान, चमचाभर, आणि एका घासाला एकदाच गिळणं हे ध्येय. एक कळ येऊन गेल्यावर काही जणांना थोडा वेळ उसंत मिळते, तेव्हा उरलेलं जेवण उरकतात.

लाळ साठवून थुंकत राहणारा रुग्ण दिसला तर समजावं की तो गिळायला घाबरतोय. लघवी गडद, दिवसात अर्ध्या लिटरहून कमी पाणी पोटात, अशी वेळ आली तर सलाइनसाठी दाखल करायला लाजू नये.

आवंढा
सगळ्यांचे आभार. नोंदवहीत काय काय लिहायचं, ते कुणी थोडक्यात सांगेल का?

सुषुम्ना
तारीख-वेळ, बाजू, निमित्त (गार पाणी, लाळ, बोलणं, जांभई, खोकला, की आपोआप), बोट ठेवलेली जागा, सेकंद, सोबत भोवळ आली का, त्या दिवशीचा गोळीचा डोस. सेकंद घड्याळावर मोजा. अंदाजाने सांगितलेल्या "पाच मिनिटां"त बऱ्याचदा वीस-वीस सेकंदांच्या दहा कळा असतात, आणि निदान तिथेच बदलतं. आपोआप थांबलेले आठवडेही लिहा. हा आजार महिनोन्‌महिने गायब होऊन परत येतो, त्यामुळे मधल्या काळात जे काही चालू असतं त्याला श्रेय मिळतं.

काढेवाला
टोमणा पोचला.

पुणेरी पाटी
गोळ्यांनी नाहीच थांबलं तर?

सुषुम्ना
आधी गाबापेंटिन, प्रीगाबालिन, बॅक्लोफेन, लॅमोट्रिजिन यांची जोड देऊन बघतात. तरी नाही तर शस्त्रक्रिया. कानामागे कवटीला छोटं भोक पाडून नसेवर टेकलेली धमनी, बहुधा मेंदूच्या मागच्या-खालच्या भागाकडे जाणारी, बाजूला करतात आणि मध्ये टेफ्लॉनचा तुकडा ठेवतात. धमनीच्या ठोक्यांनी नसेवरचं आवरण घासलेलं असतं, वायरचं प्लास्टिक निघावं तसं, म्हणून साध्या संवेदना आत कळेच्या तारेत उडी मारतात. पीटर जॅनेटा यांनी ही पद्धत रूढ केली. त्याआधी नस कापत असत, वॉल्टर डँडी यांनी १९२७ मध्ये कवटीच्या आत ती कापल्याचं लिहिलं आहे. आजही धमनी सापडली नाही तर नववी आणि दहावीचे वरचे एक-दोन धागे कापतात. त्यात आवाज बसणं आणि गिळताना ठसका लागणं हे धोके आहेत, ते सही करण्याआधी नीट विचारून घ्यावेत.

खडीसाखर
टेफ्लॉन म्हणजे तव्याचं?

बेशुद्धीचे पंडित
रसायन तेच, रूप कापसासारखं. डोसे निघत नाहीत.

शस्त्रक्रिया झेपणार नाही अशांना स्टायलॉइड हाडाच्या मागे सोनोग्राफीने बघत सुईने नस बधिर करता येते. शेजारीच मोठी धमनी, मोठी शीर आणि दहावी नस असल्यामुळे आवाज काही तास घोगरा होणं अपेक्षित धरा. दोन्ही बाजू एकाच दिवशी कधीच करत नाहीत.

पुणेरी पाटी
आणि सगळ्यात आधी जायचं कुणाकडे? इथे चार जण चार दारं दाखवताहेत.

कर्णपिशाच्च
घशाची दुर्बीण व्हायलाच हवी, म्हणून आधी कान-नाक-घसा. तिथे काही सापडलं नाही तर न्यूरॉलॉजिस्ट. भोवळ येत असेल तर हा क्रम मोडा आणि आधी हृदयाची तपासणी.

एमआरआयच्या चिठ्ठीवर नुसतं "मेंदू" लिहून घेऊ नका. त्यात पाच-पाच मिलिमीटरचे काप येतात आणि नववी त्यांच्या फटीत हरवते. "क्रेनियल नर्व्ह, बारीक कापांचा सीआयएसएस किंवा फिएस्टा, कॉन्ट्रास्टसह, कवटीचा तळ धरून" (सीआयएसएस आणि फिएस्टा या बारीक नसा दाखवणाऱ्या एमआरआयच्या पद्धती) असं लिहून घ्या आणि बाजू डावी की उजवी तेही.

बेशुद्धीचे पंडित
आणि ठोके थांबतात म्हणून पेसमेकर बसवायचं ठरत असेल, प्रकृती थांबण्यासारखी असेल, तर हा एमआरआय त्याच्या आधी उरकून घ्या. नंतर करायचा झाला तर पेसमेकर एमआरआयला चालणारा आहे का, हे त्याच्या कार्डावर बघावं लागतं आणि स्कॅनच्या वेळी त्याची सेटिंग बदलायला तंत्रज्ञ हजर लागतो. चालणारा असला तरी सगळी केंद्रं घेत नाहीत, आधी फोन करून विचारा.